हरलेले डाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा अध्यक्षाबाईंनी मला इथे आणून उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेव्हा भाषण म्हणावे असे काही माझ्याकडून होणार नाही. शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आम्ही सहा जणी मोबाईल घेऊन माना खाली घालून काय करत असतो, असे पुष्कळ जणींनी विचारले. तेवढे सांगते.

आम्ही बुद्धिबळ खेळतो.

आपल्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ कोणाला ठाऊक नाही? परंतु या पंढरीत राहून आपल्यापैकी किती जणींनी पटाला हात लावला, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे. माझ्या माहेरी वडील आणि काका ओसरीवर देशी पद्धतीने खेळत. मी पाण्याचा तांब्या घेऊन जाई आणि तिथेच रेंगाळे. एका मे महिन्यात वडिलांनी मला समोर बसवून मोहरी शिकवली. पुढे सातवीनंतर शाळा सुटली, यथावकाश लग्न झाले, आणि पट माहेरीच राहिला.

२०२० साली टाळेबंदीत सगळेच घरात कोंडलेले. तेव्हा मुलाने माझ्या मोबाईलवर लिचेस नावाचा खेळ घालून दिला. एका फ्रेंच गृहस्थांनी तो २०१० साली सुरू केला. त्याला पैसे पडत नाहीत आणि मध्येच जाहिराती येत नाहीत. आपण बोट लावले की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला माणूस समोर येऊन बसतो. नाव नाही, गाव नाही, आणि आपण बाई की बुवा हेही त्याला ठाऊक नसते. मला हे फार आवडले.

पण माझे सारे ज्ञान देशी पद्धतीचे! त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते. राजाला शह लागला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे, ते घर ज्या मोहऱ्याचे, तेच मोहरे होते. इथे प्यादी दोन दोन घरे धावत होती. एकदा माझे प्यादे असे दोन घरे पुढे गेले, तर समोरच्याने आपले प्यादे तिरके पाठीमागच्या रिकाम्या घरात ठेवले आणि माझे उचलले. मी मुलाला हाक मारून सांगितले, "अरे, हा मोबाईल बिघडला, नाहीतर हा माणूस तरी लबाड आहे." तो हसून लोळला. जाता जाता मारण्याचा तो नियमच आहे म्हणे.

तिथे प्रत्येकाला गुणांक असतो. नव्या माणसाला आरंभी १५०० देतात, मग हारजितीप्रमाणे तो खालीवर होतो. माझा दोन महिन्यांत ९०० च्या खाली गेला. रात्री सर्वांचे आवरले की मी तीन तीन मिनिटांचे डाव खेळे, हरे, आणि चिडून लगेच दुसरा मांडी. एकदा याच नादात दूध उतू जाऊन पातेले करपले. आमचे हे म्हणाले, "हरायचेच असेल तर निदान झोपून तरी हर." मी मोबाईल उशीखाली ठेवू लागले. आपण हरतो याचीच मला लाज वाटू लागली होती.

मग २०२२ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मोबाईलवर तोच चौकटींचा पट मी पाहिला! दोघींनी एकमेकींकडे असे बघितले, की जणू चोरून भेळ खाताना सापडलो. त्यांच्या ओळखीने निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई आल्या, समोरच्या घरची सून आली, आणखी दोघी आल्या. सूनबाईने लिचेसवर आमची तुकडी उघडून दिली. आता दर शनिवारी तासभर आमची आपसात चढाओढ असते. जिंकले तर दोन गुण, बरोबरीला एक, आणि लागोपाठ दोनदा जिंकले की पुढच्या डावाला दुप्पट. मला इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून तिने एका वहीत पडद्यावरचे शब्द मराठी अक्षरांत लिहून त्यांचे अर्थ दिले. त्यातला 'ब्लंडर', म्हणजे घोडचूक, मला सर्वांत आधी पाठ झाला.

आता जे सांगते ते अजून मंडळात सर्वांना ठाऊक नाही. पहिले सहा शनिवार मी सगळ्यांत खाली होते. सातव्या शनिवारी घरी पाहुणे असल्याचे निमित्त करून मी घरूनच खेळले आणि मुलाला शेजारी बसवले. तो हळूच सांगे, मी बोट लावी. त्या दिवशी मी पहिली आले. पुढच्या वेळी बाईंनी मोठ्या कौतुकाने माझा डाव सर्वांपुढे उघडला आणि विचारले, "हा घोडा तुम्ही इथे मारायला दिलात, तो काय विचार करून?" मला काही सांगता येईना. कानशिले तापली. मी म्हणाले, "असाच सुचला." त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही. पुढच्या शनिवारी चहा ओतता ओतता मी सांगून टाकले, की तो डाव माझा नव्हता.

कोणी काही बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, "मग आता तुमचा स्वतःचा दाखवा. हरलेला असला तरी चालेल." आणि बाईंनी त्याच दिवसापासून पद्धतच पाडली, की जिंकलेले डाव दाखवायचे नाहीत. प्रत्येकीने आठवड्यातला एक हरलेला डाव आणायचा, आणि कुठे व का चुकले ते आधी स्वतः सांगायचे. संगणक डावातल्या चुका दाखवतो खरा, पण तो शेवटी उघडायचा.

भगिनींनो, माझी सुधारणा इथून सुरू झाली. माझे वीस हरलेले डाव आम्ही ओळीने बघितले. त्यातल्या अकरा डावांत समोरच्याची काही हुशारी नव्हती. मीच एखादे मोहरे बिनराखणीचे सोडले होते. चारदा राजापुढची तीन प्यादी तशीच उभी राहिली आणि हत्तीने शेवटच्या रांगेत येऊन मात केली. उरलेल्यांत बहुतेक वेळा वजीर फार लवकर बाहेर काढला होता. एवढे दिवस मला वाटे की माझी बुद्धीच कमी, शिक्षणच कमी! वहिनी म्हणाल्या, "घराबाहेर पडताना गॅस बघता ना? तसे चाल करण्याआधी बघा, समोरचीला काय हवे आहे, आणि माझे काय उघडे पडते आहे." मी तसे करू लागले. तीन मिनिटांचे डाव सोडून पंधरा मिनिटांचे घेतले. रोज दुपारी दहा कोडी सोडवते. लागोपाठ दोन डाव हरले की मोबाईल खाली ठेवते. हा नियम आम्ही सर्वांनी केला आहे आणि अधूनमधून सर्वच मोडतो.

आज माझा गुणांक १३४० आहे. जाणत्या खेळाडूंना तो काहीच नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणीस वर्षांच्या वयात जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा आम्ही सहा जणी एकाच मोबाईलला डोकी लावून बसलो होतो. बाईंना खाडिलकर भगिनी आठवल्या. १९७४ साली वासंती खाडिलकर महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि पुढे कितीतरी वर्षे ते पद वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींच्याच घरात राहिले. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तर केवढा गहजब झाला! त्यांची बुद्धी थोर होती, यात शंका नाही. पण मला राहून राहून वाटते, की घरातच खेळायला आणि चूक दाखवायला तिघी होत्या, हेही थोडे नव्हते. माझ्या वडिलांना काका होते. मला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणी नव्हते, ते या खोलीत मिळाले.

आमचे हे आता जेवताना विचारतात, "आज काय घालवलेस? हत्ती की घोडा?" सासूबाईंना पट कळत नाही, पण शनिवारी अडीचला त्याच आठवण करतात.

ज्यांना यायचे असेल त्यांनी शनिवारी तीनला यावे. मोबाईल भरून आणावा. मोबाईल नसेल तर दोन लाकडी पट आहेत, एकात काळा उंट नाही, तिथे आम्ही बाटलीचे बूच ठेवतो. काल रात्री मी एक डाव चांगला चालला असता एका चालीत वजीर घालवला. तो मी येत्या शनिवारी दाखवणार आहे.