टपालाचें दुसरें दार



शाळेंत पत्रलेखन शिकवितांना मी मुलांना एक गोष्ट नेहमीं बजावीत असें : पत्ता चुकला तर पत्राची सारी मेहनत फुकट. परंतु पत्ता बिनचूक असून घराचें दारच बंद असलें तर काय करावें, हें मला स्वतःला पावसानें शिकविलें.

२६ जुलै २००५ हा दिवस कोणताही मुंबईकर विसरणार नाहीं. गरजू विद्यार्थ्यांना फीसाठीं मदत करणाऱ्या आमच्या एका लहानशा मंडळाचा संगणक तेव्हां परळास तळमजल्यावरील खोलींत होता. बाहेरगांवचे अर्ज ई-मेलनें त्यावर येत. खोलींत पाणी शिरलें, संगणक निकामी झाला आणि दुसरा सुरू होण्यास आठ दिवस लागले. दार बंद दिसतांच पाठविणारा संगणक पत्र टाकून देत नाहीं, तो पुनःपुन्हां प्रयत्न करतो, हें खरें. परंतु साधारणतः चार-पांच दिवसांनीं त्याचाही धीर सुटतो व पत्र परत जातें. एका मुलीचा अर्ज असाच परत गेला. तिनें तो पुन्हां धाडला तेव्हां मुदत उलटली होती. मुदत आम्हीं वाढविली. पण ज्यांनीं पुन्हां पाठविलेच नाहींत असे अर्ज किती, याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

म्हणून आम्हीं दुसऱ्या टपाल-संगणकाची योजना केली. ती कशी चालते तें सांगतों. कोणत्या नांवाचा संगणक कोठें आहे, हें सांगणारी एक जगभर पसरलेली नोंदवही आहे. तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनीं ती १९८३ सालीं रचली. टपाल कोणीं स्वीकारावें हें सांगणाऱ्या तिच्यांतील नोंदीस 'एमएक्स' असें नांव असून तिचे नियम १९८६ सालीं ठरले. या नोंदींत संगणकाचें नांव व एक अंक असतो. आम्हीं परळच्या संगणकापुढें १० व गिरगांवांतील नव्या संगणकापुढें २० हा अंक घातला. परीक्षेंतील क्रमांकाप्रमाणें येथेंही लहान अंकाचा मान पहिला. पाठविणारा आधीं परळचें दार ठोठावतो. उत्तर न आल्यास गिरगांवचें. गिरगांव पत्र ठेवून घेतें आणि परळ जागें झालें कीं तिकडे पोंचवितें. मात्र गिरगांवानेंही पांच दिवसांत पत्र परत केलें तर लाभ काय ? म्हणून तेथील मुदत आम्हीं तीन आठवड्यांची ठेविली.

दुसरा संगणक शेजारच्याच खोलींत कां नको ? त्याच दिवशीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास शंभर मिलिमीटरही भरला नाहीं! दुसरें दार निराळ्या वस्तींत, निराळ्या विजेवर असावें, तें यासाठीं. नोंदवहीही एकट्या परळच्या संगणकावर ठेवूं नये; तोच बुडाला तर गिरगांवचा पत्ता तरी कोण सांगणार ?

आतां आमची चूक सांगतों. जाहिरातींचा व फसवणुकीचा कचरा धाडणारे पुष्कळदां मुद्दाम मोठ्या अंकाचें दार गांठतात, कारण तेथें पहारा ढिला असतो. मंडळांत कोण आहे याची यादी आम्हीं गिरगांवास दिलीच नव्हती. तें वाटेल त्याच्या नांवचें पत्र घेई, परळ तें नाकारी, आणि मग ज्यांचीं नांवें लबाडांनीं पाठविणारा म्हणून घातलीं होतीं, त्या निरपराध लोकांना 'आपलें पत्र पोंचलें नाहीं' असे निरोप जात. कित्येक दिवस आम्हीं अशा रीतीनें परक्यांना उपद्रव दिला. शेवटीं यादी व पहारा दोन्हीकडे सारखे केले, तेव्हां हा प्रकार थांबला.

आज पुष्कळ संस्था आपलें टपाल मोठ्या कंपन्यांवर सोंपवितात व ही काळजी त्यांच्यावर टाकतात. परंतु ज्यांना तें स्वतःच्या घरीं ठेवावयाचें आहे, त्यांनीं नुसती नोंद करून स्वस्थ बसूं नये. कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळतात, त्याप्रमाणें दर मे महिन्यांत एका संध्याकाळीं आम्ही परळचा संगणक मुद्दाम बंद करतों व मंडळाच्या नांवें एक पत्र पाठवितों. तें गिरगांवीं थांबलेलें पाहतों, परळ पुन्हां सुरू करतों, आणि तें पत्र तेथें येऊन पोंचेपर्यंत कोणीही घरीं जात नाहीं.