सतरा सप्टेंबर आणि इंग्रजीतला इतिहास

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड-लातूरच्या शाळांत ध्वजवंदन होते. इंग्रजी माध्यमातला नववीचा मुलगाही त्या दिवशी निजामसमर्थक रझाकारांवर मराठीत तावातावाने बोलतो. मात्र हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणावर इंग्रजीत उत्तर लिहायची वेळ आली, की पाठ केलेला परिच्छेद जसाच्या तसा उतरवून मोकळा होतो.

घटना त्याला ठाऊक असतात. त्यांची कारणे परक्या भाषेत मांडायची सवय त्याला नसते.

मराठवाड्याला हा पेच नवा नाही. मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात असताना उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूत होते. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात इतिहासही उर्दूतूनच शिकवत आणि त्यासाठी पुस्तकांचे भाषांतर करणारा स्वतंत्र सरकारी विभाग होता. मराठी, तेलुगू, कन्नड घरांतल्या मुलांना आधी ती भाषा पेलावी लागे. त्याच काळात, 1921 मध्ये, हिप्परग्याला मराठीतून शिकवणारी राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे तिचे मुख्याध्यापक झालेले व्यंकटेश खेडगीकर म्हणजेच मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ.

उर्दू राज्यकर्त्यांनी लादली होती. इंग्रजी पालकांनी डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या ओढीने स्वतः निवडली आहे. त्यातही धर्माबाद, देगलूरकडे घरी तेलुगू, उदगीरकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी. अशा मुलाला मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा.

या पेचातून वाट गावातूनच निघते. बिलोलीजवळ अर्जापूरला 1946 मध्ये मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले. 30 जानेवारी 1948 ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. नोव्हेंबर 1947 चा भारत आणि निजाम यांच्यातला ‘जैसे थे’ करार आणि 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झालेली भारत सरकारची ‘पोलीस कारवाई’ यांच्यामध्ये उमरीची ही घटना बसवली, की सनावळीला अर्थ येतो. देश स्वतंत्र झाल्यावरही आपण तेरा महिने का थांबलो, यावर वर्गात आधी घरच्या भाषेत वाद व्हावा. मग त्याच वादातून कारण आणि परिणाम जोडणारी छोटी इंग्रजी वाक्ये मुलांनीच बांधावीत. व्याकरणाच्या चुका नंतर सुधारता येतात.

रझाकारांचा काळ आठवणारी माणसे आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. शिक्षकांनी यंदाच मुलांना त्यांच्याकडे पाठवावे, आठवणी त्यांच्याच बोलीत टिपून आणायला सांगाव्यात आणि त्या आठवणींचा इंग्रजी सारांश प्रकल्प म्हणून तपासावा.