दुखतंय त्या दिवशीही हला

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पोरंपोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पहिल्या दिवशी सगळे जोशात असतात. तिसऱ्या दिवशी निम्मे गायब! घरी चौकशी केली तर आई सांगते, ‘मांड्या धरल्यात त्याच्या. पायरी उतरता येईना. झोपून आहे.’ या झोपून राहण्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

अंगात लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं म्हणून दुखतं, असं व्यायामशाळांतून अजून सांगतात. अहो, ते तासाभरात रक्तातून निघूनही जातं. दुखणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळतं. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०२ सालीच मांडलं होतं, की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत झालेल्या बारीक इजेचं असावं. ही इजा होते कधी? स्नायू लांबत असताना त्याला भार पेलावा लागतो तेव्हा. बैठक मारताना खाली जाता, तेव्हा. सिंहगड चढताना धाप लागते. पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे.

आता यावर उपाय काय? नवा गोऱ्हा औताला लावणारा शेतकरी बघा. पहिल्या दिवशी तो गोऱ्ह्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला देतो, थोडा वेळ फिरवतो आणि सोडतो. दुसऱ्या दिवशी गोऱ्हा अंग चोरतो, जू ठेवू देत नाही. म्हणून शहाणा शेतकरी त्याला दावणीला बांधून ठेवत नाही, आणि दिवसभर नांगरालाही धरत नाही. नुसतं जू मानेवर ठेवून बांधाच्या कडेनं एक फेरी मारून आणतो. पुढे हलका कुळव, आणि अंग तयार झालं की मग नांगर. जो चार दिवस दावणीला बांधतो आणि पाचव्या दिवशी एकदम नांगराला जुंपतो, त्याचा गोऱ्हा शेतातच बसकण मारतो. तुम्ही तुमच्या मांड्यांचं नेमकं हेच करता!

म्हणून सांगतो. दुखतंय त्या दिवशी पळू नका, पण चाला. वीस मिनिटं, सावकाश. पहिली पाच मिनिटं नकोशी वाटतील, नंतर पाय मोकळे होतील. काही तासांनी परत आखडतील; तेव्हा परत थोडं चाला. आणि यात एक मोठा फायदा आहे. थोडं दुखून बरा झालेला स्नायू त्याच व्यायामाला पुढचे काही आठवडे पहिल्याइतका दुखत नाही. सोडून देणाऱ्याच्या पदरात दुखणं तेवढं पडतं, हा फायदा पडत नाही.

तालमीत पोरं एकमेकांचं अंग रगडतात, ते योग्यच आहे. मालिशनं दुखणं थोडं उतरतं. गरम पाण्यानं अंघोळ करा, बरं वाटेल. स्नायू ताणण्याच्या व्यायामानं या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. करायचे तर हलक्या हातानं करा. पण वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा पळायला जाणं, हे मात्र बंद करा, बाळांनो. घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

मी सांगतोय ते दोन्ही मांड्यांत सारख्या येणाऱ्या, पसरलेल्या दुखण्याबद्दल. एकाच जागी सणक येत असेल, सांधा सुजला असेल, तर चालू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि फार दमवल्यानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फार मोडल्याची ती खूण असते, तिथं घरगुती उपाय चालत नाहीत.

एवढं तरी ध्यानात ठेवा: सुरुवात थोड्यानं करा, आणि दुखतंय त्या दिवशी कमी करा, पण अंथरूण धरू नका.