पेटीतला कागद

(नागपूरच्या शिबिरात आई-वडील आणि तरुणांसमोर केलेलं भाषण. बोलले तसंच, थोडं नीट करून लिहून काढलं आहे.)



मायबहिणींनो, भावांनो, आजा-आजींनो आणि मागं बसलेल्या पोरांनो,

काल आपण सीताबर्डीच्या उड्डाणपुलाजवळून आलो. तिथं आपल्यातल्या एका पोरानं मला विचारलं, "ताई, गोवारी शहीद म्हणजे कोण? काहून मेले?" मी त्याला सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा या नागपुरात विधानभवनावर आला होता. आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या, अशी त्यांची मागणी होती. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "मग आपण कायले आलो?"

मी त्याला काल नीट उत्तर देऊ शकले नाही. आजचं बोलणं त्या प्रश्नावरच आहे.

आपण पोरांना मोर्च्याला आणतो. घरी ठेवायला कोणी नसतं म्हणून आणतो. हातात झेंडा देतो, घोषणा शिकवतो. "जल, जंगल, जमीन" हे आपल्या चार वर्षांच्या पोरालाही येतं. पण आपल्या घरचा दावा कोणत्या जमिनीचा आहे, तो कुठं अडला आहे, हे आठवीतल्या पोराला माहीत नसतं. विचारून पाहा.

माझ्या घरची गोष्ट सांगते. वनहक्क कायदा २००६ चा. आमच्या आज्यानं दावा भरला तेव्हा मी नववीत होते. काही महिन्यांनी एक कागद आला. त्यावर गोल शिक्का होता. आज्याला वाटलं पट्टाच आला. त्यानं तो कपाळाला लावला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पेटीत ठेवला. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. मला कोणी वाचायला दिला नाही, आणि मीही मागितला नाही. मोठ्यांच्या कागदाला पोरीनं हात कायले लावायचा?

दीड वर्षानं कार्यकर्ते गावात आले, तेव्हा तो कागद निघाला. दावा नामंजूर झाल्याचा होता. पुरावा अपुरा, असं लिहिलं होतं. वर अपील करायला ६० दिवसांची मुदत असते. ती केव्हाच निघून गेली होती.

त्याच वर्षी मी नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क पाठ केले होते. समतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा, सगळे ओळीनं. पेपरात लिहिले, मार्क मिळाले. घरात पेटीत आमचा हक्क बुडत होता आणि मी शाळेत हक्कांची यादी लिहीत होते. म्हणून मी म्हणते, पाठ करून हक्क येत नाही. आपल्या घरचा कागद वाचला, त्यातलं कळलं नाही ते विचारलं, तेव्हा येतो.

आता दुसरी गोष्ट. ही ऐकायला थोडी कडू लागेल. हक्क सरकारकडून घ्यायचा असतो, हे आपल्याला कळलं आहे. पण पोरांचे हक्क आपल्याकडूनही घ्यायचे असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेव्हाच परीक्षा असते. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे मोह वेचायला कोण जातं? लहान भावाला कडेवर घेऊन घरी कोण राहतं? पोरगीच. माझी मोठी बहीण पाचवीत सुटली, ती माझ्यासाठी. तिनं मला सांभाळलं म्हणून आई कामावर जाऊ शकली, आणि मी बारावीपर्यंत गेले. तिच्या हक्कावर मी शिकले. हे मी विसरत नाही.

मी कामाच्या विरोधात नाही. मोह वेचताना पोरगं झाड ओळखतं, जंगल ओळखतं, तेही शिक्षणच आहे. सुट्टीच्या दिवशी न्या, शाळा बुडवून नेऊ नका. आणि पोरगा-पोरगी दोघांना न्या.

शाळेत गुरुजी नेहमी म्हणतात, "हक्क मागता, आधी कर्तव्य करा." संविधानात कलम ५१ क मध्ये ११ कर्तव्यं आहेत. त्यातलं शेवटचं कोणासाठी आहे माहीत आहे? आई-वडिलांसाठी. ६ ते १४ वर्षांच्या लेकराला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्यात लिहिलं आहे. २००२ साली हे घातलं. त्याच दुरुस्तीनं कलम २१ क आलं, की या वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण सरकारनं द्यायचं. म्हणजे पोराचा हक्क एक, आणि जबाबदारी दोघांची, सरकारची आणि आपली. शिक्षक येत नसेल तर जाब विचारा. पण आपलं पोरगं घरी बसवून विचारता येत नाही.

जबाबदारी म्हणजे खाली मान घालून ऐकणं नाही, हेही पोरांना सांगा. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये आपले हक्क आहेत. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, वन्यजीव, पाण्याचे झरे राखायचं काम आणि अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण ते गाव त्याआधी कित्येक वर्षं अभ्यास गटात बसून, बोलून, सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेत होतं आणि जंगल राखत होतं. कागद मागून आला.

मग करायचं काय? प्रत्येक गावानं तीन कामं घ्यावीत.

एक. घरात कोणताही सरकारी कागद आला की तो शाळेत जाणाऱ्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. तारीख आणि मुदत भिंतीवर लिहायची. पोराला नाही समजलं तर त्याला रागवायचं नाही. तो कागद ग्रामसभेत आणायचा.

दोन. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा पाहिजे. तर पोरांना वही घेऊन आजा-आजीजवळ बसवा. जुने धुरे कोणी घातले, देवाची जागा कुठं, मरणमाती कुठं देत होते, हे त्यांनी लिहून काढावं. आजी गोंडीत सांगेल तर गोंडीत ऐकावं. आपली भाषा जपायचा हक्क संविधानाच्या कलम २९ मध्ये आहे. नंतर हा जबाब वनहक्क समितीसमोर वाचून आजीचा अंगठा घ्यावा.

तीन. ग्रामसभेत पोरांना बसू द्या. मत अठरा वर्षांनंतर, पण ऐकायला आणि विचारायला वयाची अट नाही. बालहक्कांचा जगाचा करार आपल्या देशानं १९९२ साली मान्य केला. त्यात मुलाचं म्हणणं ऐकून घ्या, असं लिहिलं आहे. हिशेब वाचताना एखादी पोरगी उठून म्हणाली, "हे पैसे कुठं गेले?", तर तिला "चूप बस" म्हणू नका. उत्तर द्या. आपल्याच समितीला जाब विचारायला शिकलेली पोरगी उद्या साहेबाला घाबरणार नाही.

कालच्या त्या पोराला मी आज सांगते. बाळा, आपण आलो कारण तुझ्या आज्याचा दावा अजून पडून आहे. तो कागद तुझ्या बाच्या पिशवीत आहे. जेवण झालं की दोघं मिळून वाचा. नाही समजलं तर माझ्याकडे या. मी इथंच आहे.

जय सेवा! जोहार!