गोष्ट आणि चित्र, एकाच हातचं

मंठा तालुक्यातल्या आमच्या शाळांमध्ये बंजारा तांड्यावरून येणारी पुष्कळ मुलं घरी गोरमाटी बोलतात. अशा लेकरापुढं पहिलीत नुसत्या अक्षरांचं पुस्तक ठेवलं, की ते गप्प होतं. चित्रांचं ठेवलं, की बोलायला लागतं. म्हणून आज मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांच्याविषयी सांगायचं आहे.

त्यांचा जन्म १९५२ चा. मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, नंतर फ्रान्सला गेल्या. त्या गायल्या, पिकासोचं चरित्र लिहिलं. आई निर्मलाताईंनी खेड्यांतल्या बालवाड्यांसाठी 'वनस्थळी' ही संस्था उभी केली. त्या कामाशीही माधुरीताई जोडलेल्या. मुलांच्या पुस्तकांत मात्र त्यांनी लेखणी आणि कुंचला दोन्ही स्वतःच्याच हाती ठेवले.

१८६५ साली जर्मनीत विल्हेल्म बुश यांनी माक्स आणि मोरित्स या दोन खोडकर पोरांची गोष्ट अशीच स्वतः लिहिली, स्वतः चितारली. पुढच्या चित्रकथांना तिनं वाट दाखवली. पण शेवटी त्या पोरांना गिरणीत दळतात आणि बदकं ते दाणे टिपतात! आपल्याकडच्या बालगोष्टीही बराच काळ खोडी, शिक्षा आणि तात्पर्य याच वाटेनं चालल्या. माधुरीताईंच्या पुस्तकातलं मूल रुसतं, हट्ट करतं, आणि म्हणून कुणी त्याला धडा शिकवायला धावत नाही. मला त्यांचं हे फार मोठं काम वाटतं. 'राधाचं घर'मध्ये तर घरातली माणसं कशी आहेत, हे चिमुरडी राधा आपल्याला सांगते.

'बाबांच्या मिश्या'मधल्या अनूला बाबांच्या मिश्यांचं भारी वेड. ही गोष्ट मी वर्गात वाचत होतो. आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे आजोबांकडे राहिलेला एक मुलगा उठला आणि दोन्ही हातांनी ओठांवर पीळ देत आजोबांच्या मिशा दाखवू लागला. मराठी शब्द सुचेना, तेव्हा उरलेलं गोरमाटीत सांगून टाकलं. सगळ्या वर्गाला कळलं. तोवर तो शाळेत एक अक्षर बोलला नव्हता.

त्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये मुलांनी चित्रं पाहून बोलायचं असतं. 'वाचू आनंदे'त मराठीतले निवडक उतारे आहेत आणि शेजारी भारतीय चित्रकलेचे नमुने. चांगलं चित्र शहरातल्या दालनात जाऊनच पाहावं लागतं, असं नाही. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, २०१६ साली टाटा ट्रस्टचा 'बिग लिटल बुक' पुरस्कारही.

गावकरी शाळेला घड्याळ देतात, पंखा देतात. यंदा या पुस्तकांचा एक संच द्या. आणि गुरुजनहो, तो कपाटात कुलूपबंद करू नका. पहिलीच्या वर्गात अगदी खालच्या फळीवर ठेवा, सहा वर्षांच्या लेकराचा हात पोचेल असा. पानं फाटली तर आपण चिकटवू.