काकांची भट्टी
(स्मरणसभेतील भाषण)



आपले काका प्रभूघरी गेले. पुण्यात धातुशास्त्र शिकून १९६२ च्या युद्धानंतर ते सैन्यात गेले. १९६५ मध्ये पंजाबच्या आघाडीवर ते रणगाडे दुरुस्त करणाऱ्या पथकात होते. पुढे पोलाद कारखान्यातून निवृत्त झाले आणि तलासरीच्या पाड्यांवर आमच्या कामात सामील झाले. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. पोलादाविषयी मात्र तासन्‌तास बोलत.

पाड्यावरच्या कोयत्यांची धार लाकडावर मारताच कपची उडून जाई. काकांनी भात्यापाशी बसून मुलांना कारण दाखवले. लालबुंद पातीला पाणी दिले की ती कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ती घासून पुन्हा मंद तापवायची. आधी पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. कोयता जांभळ्यावर थांबवायचा.

एक मुलगा तीन आठवडे आलाच नाही. काका काठी टेकत त्याच्या घरी गेले. रागावले नाहीत. "तुझी पाती अर्धवट राहिली आहे, ये," एवढेच म्हणाले. आज इतरांना तोच शिकवतो. यंदा दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर गेला नाही. त्याची मुले शाळेत आहेत.

पावसाआधी भट्टीसाठी कोळसा भरायचा आहे. काकांना हारतुरे आवडत नसत. फुलांचे पैसे कृपया कोळशासाठी द्यावेत, ही माझी नम्र विनंती.