पहिल्या चुकीनंतर

१९९८ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टआधी कॉलेजच्या दोन क्वार्टरबॅकची तुलना चालली होती: टेनेसीचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. लीफचा हात जास्त ताकदीचा, असं अनेक जाणकार म्हणत. इंडियानापोलिस कोल्ट्सनं पहिला मॅनिंग निवडला, सॅन डिएगो चार्जर्सनं दुसरा लीफ.

पहिल्या वर्षी मॅनिंगचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडले. संघ १६ पैकी ३ सामने जिंकला. पुढच्याच वर्षी १३! लीफची कारकीर्द मात्र २५ सामन्यांतच आटोपली.

फौजेत एका तरुण लेफ्टनंटविषयी मी घाईनं शेरा लिहिला होता. तो चुकीचा ठरला. ताकद मोजता येते. चुकल्यावर माणूस कसा उभा राहतो, हे कळायला वेळ द्यावा लागतो.

जय हिंद.